नवी सिस्टीम येईपर्यंत जुनं तांत्रिक कर्ज तसंच ठेवलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिलिंगची सिस्टीम सात वर्षं जुनी, टीम सहा जणांची, कोडमध्ये जागोजागी तात्पुरते उपाय साचलेले. साफसफाईला वेळ मागितला तर मॅनेजर म्हणाले, 'दोन वर्षांत नवी सिस्टीम येतेय, मग यात कशाला वेळ घालवायचा?' तुम्हाला जाणून घ्यायचंय की असं तांत्रिक कर्ज (नंतर नीट करू म्हणून कोडमध्ये राहिलेलं काम) साधारण किती वर्षं तग धरतं, आणि दोन वर्षं काहीही न करता काढणं कितपत धोक्याचं आहे.

मॅनेजरांचं म्हणणं वरवर अगदी रास्त आहे. सिस्टीम जाणारच असेल आणि तिचं कर्ज तिच्याबरोबर बुडणार असेल, तर ते फेडण्यात वेळ घालवणं हाच वेडेपणा. पण या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, 'दोन वर्षं' हा आकडा खरा आहे. दुसरी, सिस्टीम गेली की कर्ज जातं. पहिली क्वचित खरी ठरते, दुसरी अर्धीच खरी आहे. म्हणून 'किती वर्षं टिकेल' यापेक्षा मी असं विचारेन: यातलं कोणतं कर्ज सिस्टीमबरोबर मरेल, कोणतं नव्या सिस्टीममध्ये तुमच्या मागे येईल, आणि कोणतं दोन वर्षं थांबणारच नाही?

आधीच सांगतो, बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. बिलाचे नियम वर्षातून किती वेळा बदलतात, इतर किती सिस्टीम तुमच्या टेबलांतून परस्पर डेटा उचलतात, मूळ कोड लिहिणारं कुणी अजून टीममध्ये आहे का, हे मला माहीत नाही. नियम फारसे बदलत नसतील आणि बाहेरचं कुणी टेबलांना हात लावत नसेल, तर खाली लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू होणार नाही आणि मॅनेजरच बरोबर ठरतील.

कर्जाची उपमा प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये दिली. ते तेव्हा वायकॅश नावाच्या गुंतवणूक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. घाणेरडा कोड लिहायला परवानगी, असा त्याचा अर्थ नव्हता; पुढे त्यांनी तसं स्पष्टही केलं. आज विषय जेवढा समजलाय तेवढ्यावर सॉफ्टवेअर लोकांच्या हातात द्यायचं, वापरातून जे नवं कळेल त्याप्रमाणे कोड पुन्हा नीट बसवायचा, आणि हे पुन्हा बसवणं टाळत गेलो की व्याज चढतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आता आपण घाईतला जुगाड, आळसाने राहिलेलं काम, जुनी झालेली लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड), सगळ्यालाच कर्ज म्हणतो. म्हणायला हरकत नाही. फक्त बँकेच्या कर्जाला मुदत असते, हप्ता ठरलेला असतो आणि बाकी किती ते कागदावर दिसतं. इथे यातलं काहीच नसतं, आणि म्हणूनच 'अजून दोन वर्षं' म्हणणं इतकं सोपं जातं.

आयुष्याचं म्हणाल तर मला नेहमी मेकफाइलमधला (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या 'मेक' या साधनाला सूचना देणारी फाइल) टॅब आठवतो. कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस दिल्या की एरर. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं तेव्हा हा नियम सोय म्हणून आला. तो अडचणीचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांच्या फाइल्स मोडायला नकोत म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर लोकांसाठी! आता पन्नास वर्षं होत आली, जगभर लोक त्या टॅबवर अजून डोकं आपटताहेत. ब्राउझर कोणत्या पानावरून आला हे वेबसाइटला सांगणाऱ्या, एचटीटीपीच्या 'रेफरर' हेडरचंही तेच. स्पेलिंगमधला एक आर गळाला, १९९६ च्या आरएफसी १९४५ या नियमांच्या दस्तऐवजात तसाच गेला, आणि आजही प्रत्येक ब्राउझर ते चुकीचंच स्पेलिंग पाठवतो.

म्हणजे कर्ज किती जगणार हे कोडच्या वयावर ठरत नाही, त्याला टेकून कोण कोण उभं आहे यावर ठरतं. कुणी टेकलेलं नसतं तोवर चुकीचा निर्णय एका दुपारी निस्तरता येतो. दुसऱ्या टीमने त्यावर एक स्क्रिप्ट लिहिली की तो निर्णय राहत नाही, करार होतो. आणि या करारावर तुमची सही नसते. बऱ्याचदा तो झाल्याचं तुम्हाला कळवलेलंही नसतं.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'यूटीएफ८' (अक्षरं बाइटांत साठवण्याचा प्रकार) हे याचं आणखी बोलकं उदाहरण, कारण त्यात कर्ज एका घरातून दुसऱ्या घरात कसं जातं ते दिसतं. तिथल्या 'यूटीएफ८' मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळायचे, खऱ्या यूटीएफ-८ ला चार लागू शकतात. वर्षानुवर्षं कुणाला फरक पडला नाही. मग लोक इमोजी टाकायला लागले आणि इन्सर्ट (नवी नोंद घालणं) फुटायला लागले, किंवा मजकूर मध्येच कापला जाऊ लागला. २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' आला, पण जुनं नाव जुन्याच अर्थाने ठेवावं लागलं, कारण त्यावर असंख्य डेटाबेस उभे होते. नवा प्रकार डिफॉल्ट व्हायला २०१८ ची ८.० आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात इंडेक्सवर (शोध जलद करणाऱ्या यादीवर) ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ अक्षरं गुणिले तीन म्हणजे ७६५, बसायची. गुणिले चार केलं की बसेनात. म्हणून लोकांनी कॉलमची लांबी १९१ केली, १९१ गुणिले चार म्हणजे ७६४. आज एखाद्या टेबलात १९१ लांबीचा कॉलम दिसला आणि तिथल्या कुणाला त्याचं कारण सांगता आलं नाही, तर ते हेच. मूळ मर्यादा कधीच उठली, तिच्यासाठी काढलेली पळवाट मात्र अजून नांदतेय.

तुमच्याकडे वळू. सिस्टीम बंद झाली की फक्त कोडमधलं कर्ज मरतं: तीन हजार ओळींचं फंक्शन, चार ठिकाणी चिकटवलेला तोच तुकडा, विचित्र नावं. हे खरोखर तिच्याबरोबर जातं आणि याबाबत मॅनेजरांचं बरोबर आहे. डेटामधलं, इतरांशी जोडलेल्या धाग्यांमधलं आणि कुणालाच न आठवणाऱ्या नियमांमधलं कर्ज जात नाही.

डेटाचं जवळून बघितलेलं एक उदाहरण देतो. एका बिलिंग सिस्टीममध्ये क्रेडिट नोट (आधीच्या बिलातून रक्कम वजा करणारा कागद) काढली की ती कोणत्या मूळ बिलापोटी आहे हे साठवायचं होतं. नवा कॉलम घातला तर काही रिपोर्ट बदलावे लागणार, आणि रिलीज तोंडावर. म्हणून तो बिल नंबर 'शेरा' नावाच्या मोकळ्या मजकुराच्या कॉलममध्ये टाकला, आधी 'मूळ' असं लिहून. काम झालं. मग एका रिपोर्टने 'मूळ' या शब्दानंतरचा मजकूर कापून घ्यायला सुरुवात केली. मग अकाउंट्समधल्या लोकांनी हाताने नोंदी करताना हीच पद्धत उचलली. पण कुणी मध्ये डॅश टाकला, कुणी दोन बिलांचे नंबर स्वल्पविराम देऊन लिहिले, कुणी नंबरापुढे 'भागशः' जोडलं, तर कुणी नुसतं 'वरीलप्रमाणे'. नवी सिस्टीम आली तेव्हा जुना कोड एका दिवसात बंद झाला. हा कॉलम मात्र सगळ्या ओळींसकट नव्या दारात उभा. मायग्रेशनची (जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याची) स्क्रिप्ट बहुतेक ओळी ओळखायची, उरलेल्या माणसांनी एकेक करून बघायच्या. त्याहून वाईट म्हणजे स्क्रिप्टने 'ओळखलेल्या' ओळींतही काही चुकीच्या होत्या: दोन बिलांपोटीची नोट पहिल्याच बिलाला पूर्ण रकमेने चिकटलेली. ग्राहकाची बाकी चुकली, आणि ती चूक आता नव्याकोऱ्या सिस्टीमच्या नावावर जमा झाली.

असं काही तुमच्याकडे असेल (सात वर्षांच्या बिलिंगमध्ये नसेल तर मला आश्चर्य वाटेल), तर ते आत्ता हाताळा. जुन्या सिस्टीममध्येच नीट कॉलम घाला, नव्या नोंदी दोन्हीकडे लिहा, हाताने लिहिण्याच्या जागी निवडायची यादी द्या. जुन्या ओळी लगेच दुरुस्त नाही केल्या तरी चालेल, पण ढीग वाढायचा थांबतो. मॅनेजरांना सांगा की हे साफसफाईचं काम नाहीच, हे नव्या सिस्टीमचं मायग्रेशन आहे आणि ते तुम्ही अगोदर सुरू करताय. यात चलाखी काही नाही, ते खरंच तसं आहे.

नियमांचं तसंच. कोडमध्ये कुठेतरी अट असते की ग्राहकाचा गट सात असेल तर रक्कम खालच्या पूर्णांकाला आणा. का? लिहिणारा सोडून गेला, टिकेटवर (कामाच्या नोंदीवर) नुसतं 'बोलल्याप्रमाणे' असं लिहिलंय. नवी सिस्टीम लिहिणाऱ्यांपुढे दोनच वाटा: अट जशीच्या तशी उचला, म्हणजे कर्ज पुढे चालू, किंवा सोडून द्या आणि महिनाअखेरीला कोण फोन करतो ते बघा. असे नियम माहीत असलेली माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या. कागदपत्रांचा भला मोठा प्रकल्प नको. अटीशेजारी दोन ओळींची कॉमेंट आणि एक टेस्ट पुरते.

आता धोक्याकडे. धोके दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली तऱ्हा हळू चढणाऱ्या व्याजाची. हे व्याज फक्त तुम्ही हात घालता तिथे चढतं. पीडीएफ बनवणारं एखादं मॉड्यूल कितीही ओंगळ असो, गेल्या तीन वर्षांत त्याला कुणी हात लावला नसेल आणि ते चालत असेल, तर त्याचं व्याज शून्य. कोड वाचताना अंगावर काटा येतो, हे दुरुस्तीचं कारण होऊ शकत नाही. उलट सवलतींचा हिशेब करणारी फाइल दर महिन्याला बदलत असेल तर तिथला प्रत्येक गुंता दर महिन्याला वसुली करतो. सॉफ्टवेअरचे अभ्यासक मेयर लेमन यांनी १९७० च्या दशकातच मांडलं होतं की वापरातली सिस्टीम सतत बदलावी लागते, आणि मुद्दाम काम केलं नाही तर प्रत्येक बदलागणिक तिची गुंतागुंत वाढत जाते. त्यामुळे तुम्ही म्हणता तसं 'काहीही न करता' दोन वर्षं काढणं शक्यच नाही. बिलाचे नियम बदलतील, तुम्ही घाईत बदल कराल, कर्ज वाढेल. प्रश्न आहे तो किती.

दुसरी तऱ्हा एकरकमी वसुलीची. वर्षानुवर्षं एक पैसा व्याज नाही, आणि एका सकाळी सगळं मुद्दल दारात. नाइट कॅपिटलचं प्रकरण यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात 'चालतंय ना, मग कशाला काढायचं' म्हणून ठेवलेला कोडच उलटला. ही अमेरिकेतली शेअर बाजारात व्यवहार करणारी कंपनी. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर पेग' नावाचं एक जुनं फंक्शन होतं. २००३ नंतर ते वापरात नव्हतं, पण काढून टाकलं नव्हतं. ऑर्डर पूर्ण झाली की थांबा, असं सांगणारी मोजणी २००५ मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवली गेली; त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतं का हे कुणी तपासलं नाही. तपासणार कशाला, ते बंदच होतं. २०१२ मध्ये नव्या सुविधेसाठी एक फ्लॅग (सुविधा चालू-बंद करणारी खूण) हवा होता, तेव्हा पॉवर पेगचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, तो सातांवरच गेला. आठव्यावर जुना कोड तसाच.

१ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला. फ्लॅग सुरू होताच आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं निजलेलं पॉवर पेग जागं झालं आणि ऑर्डर पूर्ण झाल्या तरी पाठवतच राहिलं. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांवर व्यवहार झाले. बाजार उघडण्याआधी सिस्टीमने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल धाडले होते, पण ते धोक्याचे इशारे म्हणून बघायची पद्धतच नव्हती. गडबडीत लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, म्हणजे तिथेही पॉवर पेग सुरू झालं. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर. कंपनी स्वतंत्र म्हणून पुढे टिकली नाही.

यात एकही चूक मोठी नव्हती. न काढलेला कोड, पुन्हा वापरलेला फ्लॅग, हाताने केलेलं डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर कोड चढवणं), कुणी न वाचणारे ईमेल. प्रत्येक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या सिस्टीममध्ये आत्ता आहे. कर्जं एकेकटी निरुपद्रवी असतात. त्यांची गाठ पडते त्या दिवशी घात होतो, आणि ती गाठ कधी पडेल हे कोणत्याही यादीत दिसत नाही. म्हणूनच मेलेला कोड काढून टाकणं हे मला सगळ्यात स्वस्त काम वाटतं. त्यात काही नवं लिहावं लागत नाही, आणि चुकून काही लागलंच तर गिटमध्ये (कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साधनात) ते आहेच.

एकरकमी वसुलीचा आणखी एक प्रकार आहे, तो निदान आधी मोजता येतो: भरत आलेले आकडे आणि ठरलेल्या तारखा. धन-ऋण दोन्ही धरणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ हा आकडा मावतो. ८ नोव्हेंबर २०१८ ला बेसकॅम्प या कामांचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका टेबलातला आयडी त्या आकड्याला जाऊन धडकला आणि जवळपास पाच तास ग्राहकांना फक्त वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. ते वापरत असलेल्या रेल्स या फ्रेमवर्कने (सॉफ्टवेअर उभारायच्या तयार सांगाड्याने) २०१७ मध्येच नव्या टेबलांसाठी ६४ बिटांचा आयडी डिफॉल्ट केला होता. जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत, इतकंच. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळंही याच आकड्याला १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. ते लांब आहे असं वाटतं, पण बिलिंगवाल्यांसाठी नाही. पंधरा-वीस वर्षांचा करार आणि त्याचं हप्त्यांचं वेळापत्रक तयार करायला गेलात की तुमचं सॉफ्टवेअर आजच २०३८ च्या पलीकडे बघतं. कर्जाची तारीख कॅलेंडरमध्ये यायच्या आधी कामात येते.

ज्यांचा पाठिंबा संपणार आहे अशा आवृत्त्याही यातच येतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. पायथन २ चा पाठिंबा आधी २०१५ ला संपणार होता, लोक हलले नाहीत म्हणून तो १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवला. अकरा वर्षं मिळूनही अनेकांची शेवटच्या महिन्यात धावपळ झाली. तुमच्या भाषेची, डेटाबेसची, मुख्य लायब्ररींची आवृत्ती दोन वर्षांच्या आत पाठिंब्याबाहेर जाणार असेल, तर तेवढं अपग्रेड करावंच लागेल. बिलिंगमध्ये सुरक्षेचे पॅच न मिळणारं सॉफ्टवेअर चालवणं परवडत नाही.

इथवरचं थोडक्यात म्हणजे: नुसतं कुरूप आणि स्थिर असलेलं कर्ज मरू द्या. रोज हात लागतो तिथलं, डेटात मुरलेलं आणि तारीख असलेलं कर्ज दोन वर्षं थांबणार नाही.

आता त्या 'दोन वर्षां'चं. नेटस्केपने १९९८ मध्ये जुना ब्राउझर बाजूला ठेवून बराचसा नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली, आणि तोवर मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर बाजार घेऊन गेला होता. तुमच्यावर अशी वेळ येईल असं नाही. बिलिंगचा ग्राहक ब्राउझरसारखा एका दिवसात दुसरीकडे जात नाही. पण उशिराचं कारण सगळीकडे सारखंच असतं. जुन्या सिस्टीममधले अपवाद कुणी लिहून ठेवलेले नसतात, ते एकेक करून सापडतात आणि प्रत्येक सापडताना वेळ खातो. शिवाय नवी येईपर्यंत जुनीला नवे नियम लागतच राहतात, म्हणजे गाठायची रेषाच पुढे सरकते. आणि ऐंशी टक्के ग्राहक नव्यावर गेले की सगळ्यांचा उत्साह ओसरतो. उरलेले वीस टक्के हेच सर्वांत चमत्कारिक करारांचे असतात, ते जुन्यावर राहतात, आणि दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालत राहतात. 'येत्या वर्षी बंद' असा शिक्का घेऊन सुखाने जगणाऱ्या सिस्टीम मी भरपूर बघितल्या आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या आठवड्यात कोडला हातच लावला नसता. गिटचा गेल्या बारा महिन्यांचा इतिहास काढा आणि कोणत्या फाइल्स किती वेळा बदलल्या ते बघा. बहुतेक ठिकाणी मोजक्या फाइल्समध्ये बहुतेक बदल झालेले असतात. त्या यादीशेजारी बग कुठे निघाले ते मांडा, आणि प्रत्येक फाइल किती जणांना खरोखर कळते ते लिहा. जिथे बदल जास्त, बग जास्त आणि जाणकार एकच, ती तुमची खरी उधारी. मग डेटाबेसकडे वळा: प्रत्येक मोठ्या टेबलातला सगळ्यात मोठा आयडी, कॉलमची मर्यादा आणि महिन्याची वाढ. बिल नंबराची लांबी बघायला विसरू नका, आयडी ६४ बिटांचा असतो आणि बिल नंबर मात्र सहा अंकी म्हणून छापला जातो, असं होतं. सुरक्षेची सर्टिफिकेट कधी संपतात, कोणत्या क्रॉन जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) कुणाचा वैयक्तिक पासवर्ड आहे, डेटाबेसला बाहेरून कोण कोण जोडतं, तेही बघून घ्या. डेटाबेसच्या कनेक्शन लॉगमध्ये अशी एखादी स्क्रिप्ट हमखास सापडते जिची कुणालाच कल्पना नसते.

यानंतर टेस्ट, पण सगळीकडे नकोत. फक्त पैसे मोजणाऱ्या भागासाठी. गेल्या काही महिन्यांची खरी बिलं घ्या, नावं-पत्ते पुसून टाका, त्यांचं इनपुट जुन्या कोडला द्या आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं साठवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर तेच इनपुट देऊन उत्तर जुळतंय का बघायचं. जुना कोड कुठे चुकीचं बिल काढत असेल तर ती चूकही यात नोंदली जाईल. नोंदू द्या. आधी आजचं वागणं पक्कं धरायचं, मग त्यातलं चूक काय हे व्यवसायाच्या लोकांनी ठरवायचं. दोन्ही एकाच वेळी करायला गेलं की बिल कशामुळे बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. हाच संच उद्या नव्या सिस्टीमची परीक्षा घ्यायला कामी येतो, म्हणून या खर्चाला मॅनेजरांनी नाही म्हणायचं कारण उरत नाही.

'दर स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक टप्प्यात) वीस टक्के वेळ साफसफाईला' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मला तो फारसा पटत नाही. वेळ राखून ठेवला की ज्याला जे खुपतं ते तो दुरुस्त करतो, आणि खुपणारी गोष्ट व्याज खाणारीच असते असं नाही. त्यापेक्षा टिकेट ज्या फाइलमध्ये घेऊन जाईल तिथेच थोडं नीट करा आणि त्याचा वेळ त्याच टिकेटच्या अंदाजात धरा. आणि जुन्या सिस्टीममध्ये काय करायचं नाही तेही ठरवून टाका: फ्रेमवर्क बदलणं नको, फोल्डरांची पुनर्रचना नको, मायक्रोसर्व्हिसमध्ये (छोट्या स्वतंत्र सेवांमध्ये) तुकडे करणं तर मुळीच नको.

मॅनेजरांशी बोलताना 'कर्ज' हा शब्द टाळलेला बरा. ऐकून ऐकून तो बोथट झालाय. त्याऐवजी टिकेटांच्या नोंदींतून एकसारखी दोन कामं शोधा. समजा नव्या प्रकारची सवलत घालणं हे काम चार वर्षांपूर्वी झालं आणि गेल्या महिन्यातही झालं. दोन्हींना लागलेले दिवस आणि नंतर निघालेले बग शेजारी ठेवा. फरक नसेल तर तुमचं कर्ज तुम्हाला वाटतं तेवढं महाग नाही, आणि हेही कळलेलं चांगलंच.

सगळ्यात शेवटी त्यांच्याकडून एक तारीख मागा. नवी सिस्टीम 'पूर्ण' होण्याची नको, ती तारीख कुणीच देऊ शकत नाही. नव्या सिस्टीममधून एका खऱ्या ग्राहकाचं पहिलं खरं बिल कधी निघेल, ती. त्या तारखेपर्यंत जुन्या सिस्टीममध्ये वर सांगितलेलं तेवढंच करायचं, आणि ती उलटून तीन महिने झाले तर जुनी सिस्टीम पाच वर्षं जगणार असं धरून माणसं आणि वेळ ठरवायचा, हे दोघांनी ईमेलवर मान्य करा. तारीख द्यायला ते तयार नसतील तर पाच वर्षांचं नियोजन आजपासूनच करा, आणि तसं त्याच ईमेलमध्ये लिहा.